इंग्लंडमधली जुनी बाजारगावं: पाच दिवस, स्वतः गाडी न चालवता, आई-बाबांना घेऊन

मृद्गंध

मे महिन्याच्या मध्यावर लंडनहून सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस मोकळे आहेत. आम्ही दोघं आणि आई-बाबा, ते दोघंही सत्तरीचे. सकाळी बसमध्ये बसवून चार गावं धावत दाखवणारी सहल नकोय. जुनी बाजाराची गावं निवांत बघायची आहेत: लाकडी चौकटीची घरं, बाजारचौक, चर्च, आणि जमलं तर प्रत्यक्ष भरलेला आठवडी बाजार.

सध्याच्या यादीत बायबरी, कासल कूम, राय, लॅव्हनम आणि लडलो आहेत. पाच दिवसांत हे बसेल का? शक्यतो रेल्वेनेच फिरायचं आहे, पण गाडी घेतल्याशिवाय गत्यंतर नसेल तर तसं सांगा. आईच्या गुडघ्यांना उभा चढ आणि गोट्यांचे रस्ते सोसत नाहीत. चौघंही शाकाहारी, अंडं चालतं.

रूळवाट

यादीतली पाचही गावं सुंदर आहेत, पण ती पाच दिशांना विखुरलेली आहेत. राय आग्नेय किनाऱ्याजवळ, लॅव्हनम पूर्वेला सफकमध्ये, लडलो पार वेल्सच्या सीमेलगत. बायबरी आणि कासल कूमला रेल्वे स्टेशनच नाही. ही यादी धरून निघालात तर निम्मा वेळ लंडनला परत येण्यात जाईल.

माझं मत असं की गावं निवडण्याआधी एक रेल्वेमार्ग निवडावा आणि गावांचे बाजाराचे वार बघून दिवस लावावेत. तुमच्यासाठी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून निघून मोरटन-इन-मार्श, ईव्हशम, वूस्टर, लेडबरी करत हेरेफर्डला जाणारा मार्ग नेमका आहे. हेरेफर्डहून लडलो जेमतेम अर्धा तास. मोरटनला बाजार मंगळवारी भरतो. लडलोला सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी. म्हणून दोन रात्री मोरटन, दोन रात्री लडलो, बस्स.

सोमवार: पॅडिंग्टन ते मोरटन, साधारण दीड तास किंवा थोडं जास्त. स्टेशनपासून मुख्य रस्ता पाच मिनिटांवर आणि गाव सपाट, त्यामुळे आईंना त्रास नाही. सामान ठेवून दुपारी ८०१ क्रमांकाची बस धरा आणि स्टो-ऑन-द-वोल्डला जा. स्टो टेकडीवर आहे, पण बस वरच सोडते. चौक पायाखाली घालायला चढावं लागत नाही.

मंगळवार: सकाळी मोरटनचा बाजार. दहा ते बारा ही वेळ धरा, दोननंतर तंबू उतरायला लागतात. दुपारी बसने चिपिंग कॅम्डेन. तिथला रस्ता हलक्या बाकाने वळत जातो, दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, आणि मध्यावर १६२७ साली बॅप्टिस्ट हिक्सने बांधलेला बाजारमंडप. लोणी, चीज, कोंबड्या विकायला आलेल्यांना पावसात आडोसा म्हणून तो उभारला. चारही बाजूंनी कमानी, दार नाही, तिकीट नाही. आतली दगडी फरशी झिजून इतकी खालीवर झाली आहे की आईंनी हात धरूनच आत जावं.

बुधवार: मोरटन ते लेडबरी, तिथे तीन तास, मग हेरेफर्डला गाडी बदलून लडलो. काही गाड्या वूस्टरपर्यंतच जातात, तेव्हा तिथे बदलावं लागेल. लेडबरीचं मार्केट हाऊस सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. १६ लाकडी खांबांवर अख्खा मजला उभा आहे. त्याच्या मागून चर्चकडे जाणारी अरुंद चर्च लेन चुकवू नका, पण तिथे गोटे आहेत. लेडबरी स्टेशनवर सामान ठेवायची सोय नाही, म्हणून प्रत्येकी एकच छोटी चाकांची बॅग घ्या. ते जमणार नसेल तर लेडबरी गाळा आणि थेट लडलो गाठून बुधवारचा बाजार पदरात पाडून घ्या.

गुरुवार: लडलोचा किल्ला, चर्च, ब्रॉड स्ट्रीट. बाजार नसतो म्हणून चौक मोकळा मिळतो. शुक्रवार: सकाळी बाजार आणि दुपारी एकच्या आत परतीची गाडी. न्यूपोर्टला बदलून पॅडिंग्टन किंवा क्रूला बदलून यूस्टन, दोन्हीकडून तीन ते साडेतीन तास. शुक्रवारी संध्याकाळच्या गाड्या खच्चून भरतात.

एक धोका लक्षात ठेवा. या मार्गाचे काही तुकडे अजून एकेरी रुळांचे आहेत. एक गाडी रखडली की समोरची अडते आणि उशीर पुढे सरकत जातो. म्हणून गाडी बदलताना दहा मिनिटांची जोडणी घेऊ नका, अर्धा तास ठेवा.

मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. त्या दिवशी बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, आणि त्या भागात रविवारचं वेळापत्रक म्हणजे नावापुरत्या फेऱ्या. तुम्ही मध्यावर जाताय, ते बरं आहे. मात्र स्टोला मे महिन्यात १२ तारखेच्या जवळच्या गुरुवारी घोड्यांची मोठी जत्रा असते. त्या आसपास रस्ते तुंबतात. त्या आठवड्यात गेलात तर स्टोऐवजी सोमवारी बोर्टन-ऑन-द-वॉटर करा.

रायचा मोह असेल तर तो लंडनहून स्वतंत्र एका दिवसाचा विषय आहे: सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने अ‍ॅशफर्ड, तिथे बदलून राय, एकूण तासाभरापेक्षा थोडं जास्त. पण रायचा प्रसिद्ध मर्मेड स्ट्रीट म्हणजे उभा उतार आणि वर गोल गोटे. आईंसाठी मी तो सुचवणार नाही.

कौलारू

रूळवाट यांच्या आराखड्याला पूर्ण अनुमोदन. तिथे पोचल्यावर काय बघायचं यावर लिहितो, कारण ही गावं नुसती ‘सुंदर’ म्हणून बघितली तर तासाभरात संपतात.

आधी मोकळ्या चौकात उभे राहा आणि तो एवढा रुंद का आहे हे बघा. मध्ययुगात बाजार भरवायचा तर राजाची सनद लागे. सनद हाती आली की तिथला सरदार किंवा मठ येणाऱ्या मालावर पट्टी वसूल करी. बरीच गावं याच उत्पन्नासाठी आखून वसवलेली आहेत. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या इंग्लिश कायदेपंडिताच्या ग्रंथात असा दंडक आहे की नवा बाजार जुन्या बाजारापासून ६ पूर्णांक २/३ मैलांच्या आत आला तर तो उपद्रव मानावा. हिशेब साधा आहे. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरलं आणि दिवसाचे तीन भाग केले: एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात घरी परतायला. प्रत्यक्षात हे सगळीकडे पाळलं गेलं नाही. मोरटन आणि स्टो यांच्यात जेमतेम चार-साडेचार मैल आहेत.

चौकाला लागून असलेल्या जागेला मोल होतं, म्हणून घरांची तोंडं अरुंद आणि मागे जागेचा लांबच लांब पट्टा. दोन दुकानांच्या मधून जाणारा बोळ दिसला आणि तो खाजगी असल्याची पाटी नसेल तर आत शिरा. पुढून अठराव्या शतकाची सरळ विटांची दर्शनी भिंत दिसते आणि बाजूला गेलं की त्याच घराचं दोनतीनशे वर्षं जुनं लाकूड दिसतं. पैसा आला की लोक घर पाडत नसत, फक्त चेहरा नवा करत. लडलोच्या ब्रॉड स्ट्रीटवर हे मनसोक्त बघता येतं.

लडलोमध्येच दुसरी गोष्ट. किल्ल्यासमोरचा चौक पूर्वेकडे बटरक्रॉस या जुन्या बाजारइमारतीच्या दिशेने गेलं की अचानक अरुंद गल्ल्यांमध्ये फाटतो. मूळचा बाजार तिथवर सलग रुंद होता. तात्पुरती दुकानं दर आठवड्याला उठवायची ती उठलीच नाहीत, पक्की झाली, वर मजले चढले. त्या गल्ल्या म्हणजे जुन्या दुकानांच्या रांगांमधल्या वाटा आहेत. स्टोच्या चौकाकडे येणारे काही बोळ मात्र मुद्दाम अरुंद ठेवलेले: मेंढ्या एकेक करून आत याव्यात आणि मोजता याव्यात यासाठी, असं तिथे सांगतात.

लाकडी चौकटीच्या घरांजवळ गेलात तर सांध्यांकडे बघा. ओकच्या तुळया सुताराच्या अंगणात आधी जमिनीवर जुळवत, मग सुट्या करून जागेवर आणून उभ्या करत. कुठली तुळई कुठल्या खाचेत हे कळावं म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना रोमन आकडे कोरलेले असत. चार हा आकडा बहुतेक वेळा चार उभ्या रेघांनीच असतो. सरळ रेघा छिन्नीने पटकन मारता येतात. डोळ्यांच्या उंचीवर, दाराच्या बाजूच्या खांबावर शोधा. आणि काळं लाकूड, पांढरा गिलावा हे सगळं मूळचं समजू नका. डांबरासारखा काळा रंग बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली (एकोणिसाव्या शतकातली) आवड आहे. लॅव्हनमला लाकूड रुपेरी करडं ठेवलेलं दिसतं, ते जुन्या रूपाच्या जास्त जवळचं. लडलोच्या फेदर्स हॉटेलचा १६१९ चा दर्शनी भाग मात्र नक्षीसाठीच बघावा. रस्त्याच्या समोरच्या बाजूने बघा, तरच वरचे मजले नीट दिसतात.

बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की प्रत्येक वेळी खिडकीवरच्या कराला दोष देऊ नका. तो कर १६९६ ते १८५१ होता आणि त्यापायी खिडक्या बुजल्या हे खरं, पण बऱ्याच आंधळ्या खिडक्या केवळ दर्शनी भाग दोन्हीकडून सारखा दिसावा म्हणून पहिल्यापासून तशाच बांधलेल्या आहेत.

चर्चमध्ये जा, कारण बाजाराचा पैसा तिथे जिरला. चिपिंग कॅम्डेनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये जमिनीत बसवलेला पितळी पत्रा आहे, विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याचा. तो १४०१ मध्ये वारला. त्याचं घर अजून मुख्य रस्त्यावर उभं आहे. ते खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. लडलोच्या सेंट लॉरेन्समध्ये गाभाऱ्याजवळ २८ घडीची आसनं आहेत. लांबलचक प्रार्थनेत उभं राहावं लागे, म्हणून आसन वर दुमडलं की खालच्या बाजूला टेकायला छोटी फळी निघते, आणि त्या फळीखाली कोरीव काम आहे. त्यातल्या एकावर मापात मारणाऱ्या एल (एक प्रकारची बिअर) विक्रेतीला सैतान नरकात नेतोय. बाजारातल्या खोट्या मापाची चीड थेट चर्चच्या लाकडात उतरली आहे. ते शांतपणे, वाकून बघा. आत येण्याचं तिकीट नसतं. दाराशी दानपेटी असते, हल्ली कार्ड टेकवायचं यंत्रही.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार, यादी बदलली. तिकिटांचं विचारते. चौघांसाठी रेलकार्ड (भाड्यात सूट देणारं कार्ड) काढावं का? आणि बुधवारी लेडबरीला उतरायचं तर मोरटन ते लडलो एकच तिकीट चालेल का?

रूळवाट

चौघं कायम एकत्र असाल तर रेलकार्ड न काढता ‘ग्रुपसेव्ह’ बघा. तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील तर ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून असलेल्या) भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. पॅडिंग्टनच्या गाड्या चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्नवर ती आहे. तिकीट काढताना प्रवासी चार भरा, सूट दिसते. अ‍ॅडव्हान्स तिकिटावर (ठरलेल्या गाडीचं, आधी काढायचं तिकीट) ती लागत नाही, म्हणून दोन्ही भाव शेजारी ठेवून बघा; अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुली होतात.

आई-बाबा कुठे वेगळे फिरणार असतील तर त्या दोघांत मिळून एक ‘टू टुगेदर’ रेलकार्ड, ३५ पौंड. त्यावरही एक तृतीयांश सूट, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. परदेशी पाहुण्यांनाही ते मिळतं. तिकीट खिडकीवर घ्यायचं तर दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो न्या.

लेडबरीबद्दल: अ‍ॅडव्हान्स तिकिटावर मध्ये उतरून गावात जायला परवानगी नाही, फक्त गाडी बदलता येते. बुधवारी मोरटन ते लेडबरी आणि लेडबरी ते लडलो अशी दोन वेगळी तिकिटं काढा. बाहेर पडताना कुणी अडवणार नाही आणि पुढची गाडी चुकली तर ऑफ-पीक तिकिटावर नंतरची धरता येईल.

बससाठी आगाऊ काही काढू नका. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या बहुतेक बसमध्ये एका फेरीला कमाल ३ पौंड पडतात, आणि ही मर्यादा मार्च २०२७ पर्यंत वाढवली आहे. प्रत्येकाचं वेगळं कार्ड टेकवायचं, किंवा चालकाला चार तिकिटं मागायची. मुख्य म्हणजे कॅम्डेनला उतरताच थांब्यावरचं परतीचं वेळापत्रक मोबाईलवर टिपून घ्या. शेवटची बस संध्याकाळी लवकर जाते, आणि या गावांत हात दाखवून टॅक्सी मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते.

घाटरस्ता

गाडीचं राहिलं. तुमच्या आराखड्याला ती लागत नाही, पण लॅव्हनमसारख्या ठिकाणी (जवळचं स्टेशन सडबरी, तिथून सातेक मैल) जायचं ठरलं तर उपयोगी.

पाहुण्यांना भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत कार चालवता येते आणि वाहतूक डावीकडूनच आहे, त्यामुळे अडचण नियमांची नाही, रस्त्यांची आहे. गावांदरम्यानचे लहान रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, दोन्हीकडे उंच कुंपणाची झुडपं. वेगमर्यादा ताशी ६० मैल लिहिलेली असते. ती कमाल आहे, तो वेग गाठायचा नसतो. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता रुंद केलेला असतो. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा आणि समोरच्याला आत घेऊ द्या. तिथे फोटोसाठी गाडी लावू नका. नकाशाचं अ‍ॅप सर्वात जवळचा रस्ता म्हणून याच गल्ल्यांतून नेतं, तेव्हा मुद्दाम मोठा रस्ता निवडा.

सर्वात जास्त फसगत बाजारचौकात होते. इतर दिवशी तो चौकच वाहनतळ असतो आणि बाजाराच्या दिवशी पहाटेपासून मोकळा लागतो. आदल्या रात्री लावलेली गाडी उचलली जाऊ शकते. खांबावरच्या पाटीत वार आणि तास छोट्या अक्षरात असतात, ते पूर्ण वाचा. यॉर्कशरच्या रिचमंडसारख्या काही गावांत पैसे नाहीत पण काचेमागे आल्याची वेळ दाखवणारी चकती लावावी लागते. ती आसपासच्या दुकानांत मिळते. चकती नसेल तर दंड.

शिदोरी

खाण्याचं वेळापत्रक पाळलंत तर शाकाहाराची अडचण येत नाही. पबचं स्वयंपाकघर दुपारी साधारण १२ ते २ किंवा अडीच आणि संध्याकाळी ६ ते ९ चालतं. मधल्या वेळात पब उघडा असतो, जेवण नसतं. कॅफे चार-साडेचारला आवरतात. म्हणून ‘आधी सगळं बघू, तीनला जेवू’ हा बेत तिथे हमखास फसतो. सोमवारी संध्याकाळी बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. मोरटनच्या पहिल्या रात्रीचं टेबल आधी फोन करून ठरवा.

मेनूकार्डावर शाकाहारी पदार्थापुढे खूण असते, पण दोन गोष्टी विचाराव्याच लागतात. चिप्स कशात तळल्या? काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात, काही ठिकाणी तेल असलं तरी त्याच कढईत मासे तळलेले असतात. आणि सूपचं पाणी भाज्यांचं की कोंबडीचं? चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध जमवायचं विरजण) चालत नसेल तर बाजारातल्या चीजवाल्याला सरळ विचारा, तो कुठलं कसं जमवलंय हे नेमकं सांगतो आणि चाखायलाही देतो. ऑर्डर बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊन द्यायची असते, आधी टेबलाचा क्रमांक बघून. लडलोच्या बाजारात पाव, चीज, फळं घेऊन किल्ल्याबाहेरच्या बाकांवर बसलात तर दुपार स्वस्तात आणि छान जाते.

कौलारू

बायबरीचा आर्लिंग्टन रो (जुन्या घरांची ओळ) यादीतून गेला याचं वाईट वाटू देऊ नका. चौदाव्या शतकातली लोकरीची वखार, सतराव्या शतकात विणकरांची घरं केलेली. बघण्यासारखी नक्कीच आहे. पण ओळ छोटी, रस्ता अरुंद आणि बसगाड्यांची गर्दी फार. कुठल्याही गावात लोक राहत असलेल्या घरांच्या खिडकीतून आत डोकावणं, पायरीवर बसून फोटो काढणं तेवढं टाळा.

त्याऐवजी सोमवारी बोर्टनला गेलात तर तिथून लोअर स्लॉटरपर्यंत मैलभराची शेतातली पायवाट आहे, जवळजवळ सपाट. पिवळ्या बाणाची खूण म्हणजे पायी जायचा सार्वजनिक हक्काचा रस्ता. फाटक जसं असेल तसंच मागे सोडा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरं सोबत असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घाला, त्या अंगावर येऊ शकतात.

लडलोमध्ये आईंसाठी क्रम असा ठेवा: स्टेशनवरून हॉटेलपर्यंत चढ आहे, तिथे टॅक्सी ठरवून ठेवा. गुरुवारी सकाळी किल्ला, चौक, चर्च. हे सगळं वरच्या सपाटीवर आहे. दुपारी ब्रॉड स्ट्रीट फक्त उतरायचा, ब्रॉड गेटच्या कमानीखालून लडफर्ड पुलापर्यंत. परत वर चढायचं नाही. टॅक्सीला पुलाशीच बोलवा. किल्ल्यात आतले बुरूज गोल जिन्यांचे आहेत, पायऱ्या झिजलेल्या. ते तुम्ही दोघं चढा, आई-बाबांना मधल्या हिरवळीवर बसवून.